हमी सावकाराला, घर कुणाला?

अमेरिकेचे केंद्र सरकार १ ऑक्टोबर २०२५ रोजी ठप्प झाले आणि पुढे तब्बल ४३ दिवस ते तसेच राहिले. खर्चाच्या विधेयकावरून रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट पक्षांत जुंपल्याने ओढवलेल्या या टाळेबंदीच्या बातम्यांत विमानतळांवरील गोंधळ आणि गरिबांच्या अन्नसाहाय्याचा प्रश्न यांनाच प्राधान्य मिळाले, आणि ते स्वाभाविकही होते. त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. ग्रामीण भागात घर घेऊ पाहणाऱ्या ज्या कुटुंबांची कर्जप्रकरणे कृषिखात्याच्या मंजुरीसाठी गेली होती, त्यांच्या फायली जागच्या जागी थांबल्या. बँकेने होकार दिलेला, विक्रेत्याशी करार झालेला, घराचे मूल्यांकनही उरकलेले; पण सरकारी हमीचे पत्र देणारा कर्मचारी घरी बसलेला. २०१८-१९ मधील ३५ दिवसांच्या टाळेबंदीतही नेमके हेच घडले होते.

गृहकर्जाचा आणि कृषिखात्याचा संबंध काय, असा प्रश्न आपल्याकडील वाचकाला पडेल. या संबंधाचे मूळ १९३० च्या दशकातील महामंदीत आहे. कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी त्या काळी ज्या सरकारी यंत्रणा उभ्या राहिल्या, त्यांचेच रूपांतर १९४६ मध्ये ‘फार्मर्स होम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ या संस्थेत झाले. पुढे १९४९ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांच्या कारकीर्दीत गृहनिर्माण कायदा संमत झाला. प्रत्येक अमेरिकी कुटुंबाला चांगले घर आणि राहण्याजोगा परिसर मिळावा, असे ध्येय त्या कायद्याने जाहीर केले. त्याच्या पाचव्या प्रकरणातील ५०२ क्रमांकाचे कलम शेतकऱ्यांच्या घरांसाठी होते. १९६१ मध्ये ‘शेतकरी’ ही अट सैल झाली आणि गावात राहणाऱ्या कोणाही अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला त्या कलमाखाली कर्ज मिळू लागले. १९६८ च्या दुरुस्तीने तर व्याजाचा प्रत्यक्ष भार एक टक्क्यापर्यंत खाली आणण्याची सोय केली. सावकार स्वत: सरकारच होते. तालुक्याच्या गावासारख्या एखाद्या छोट्या गावी त्याची कचेरी असे, तेथील अधिकारी घर पाहायला येई आणि हप्ता थकला तर चौकशीलाही तोच येई.

या सावकाराचे सारेच कौतुक करण्याजोगे होते असे नव्हे. दक्षिणेकडील राज्यांत या संस्थेच्या कचेऱ्यांवर स्थानिक गोऱ्या जमीनदारांचा वरचष्मा असे. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना कर्जे देताना होणारा दुजाभाव नागरी हक्क आयोगाने १९६५ मध्येच चव्हाट्यावर आणला होता. शेतीकर्जांतील अशाच पक्षपाताबद्दलच्या ‘पिगफर्ड’ खटल्यात कृषिखात्याला १९९९ मध्ये तडजोड करून भरपाई द्यावी लागली. तरीही घरांच्या बाबतीत या योजनेने जे साधले ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यावर वर्षाला एक लाखाहून अधिक कुटुंबांना सरकार थेट कर्ज देत होते. आज ही संख्या दहा हजारांच्याही खाली आली आहे.

ही घसरण आपोआप झालेली नाही. तिचा उलगडा व्हायचा तर १९९० सालाकडे जावे लागते. त्या वर्षी नोव्हेंबरात, काही आठवड्यांच्या अंतराने, अमेरिकी काँग्रेसचे दोन कायदे अमलात आले. सरकारी कर्जांवर त्यांच्या संपूर्ण मुदतीत जो खर्च होईल, तो कर्ज देण्याच्या वर्षीच अंदाजपत्रकात दाखवला पाहिजे, असे बंधन पहिल्याने घातले. हिशेबाच्या दृष्टीने हे बंधन चोख होते. पण सरकारने बाजारातून महाग पैसा उचलून गरिबाला एक टक्क्याने दिला, की मधली तूट त्याच वर्षी खर्चाच्या रकान्यात दिसू लागली. दुसऱ्या कायद्याने कृषिखात्याला नवा अधिकार दिला: कर्ज बँकेने द्यावे आणि सरकारने फक्त हमी द्यावी. हमीसाठी रोख रक्कम लागत नाही. कर्जदाराकडून घेतलेल्या शुल्कात बुडीत कर्जांची भरपाई भागली, की अंदाजपत्रकात खर्च जवळपास शून्य. एक योजना कागदावर महाग झाली आणि तिच्याच शेजारी दुसरी फुकट भासू लागली. पुढच्या तीन दशकांत कोणती वाढली आणि कोणती आक्रसली, हे सांगायला अर्थशास्त्री नको. २०२४ या आर्थिक वर्षासाठी काँग्रेसने थेट कर्जांना ८८ कोटी डॉलरची मर्यादा मंजूर केली, हमी कर्जांना २,५०० कोटी डॉलरची.

सरकारने सावकारी सोडून जामीनकी पत्करली, हा या साऱ्याचा मथितार्थ. जामीनकीने कोणती अडचण सुटते आणि कोणती सुटत नाही, हे पाहिल्याशिवाय अमेरिकेच्या ग्रामीण काउंट्यांमधील घरांचा प्रश्न समजणार नाही. (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, मात्र आकाराने व लोकसंख्येने बहुधा बराच लहान. देशभरात अशा सुमारे ३,१०० काउंट्या आहेत. खरेदीखतांची नोंद तेथेच होते आणि घरपट्टीही तेथेच ठरते.)

हमी कर्जाची रचना अशी. कुटुंबाचे उत्पन्न त्या भागातील मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. यात केवळ कर्जदाराचे नव्हे, तर घरात राहणाऱ्या सर्व प्रौढांचे उत्पन्न मोजले जाते. आजीचे निवृत्तिवेतनही त्यात आले. घर कृषिखात्याच्या नकाशावर ‘ग्रामीण’ ठरलेल्या भागात असावे, राहण्यासाठी असावे, धंद्याच्या शेतीसाठी नव्हे. त्याला रस्ता असावा, विहीर असेल तर पाणी तपासलेले असावे, मैल्याची टाकी चालू स्थितीत असावी. या अटी पुऱ्या झाल्या की घराची पूर्ण किंमत कर्जाऊ मिळते. पदरचा एक डॉलरही घालावा लागत नाही. मुदत ३० वर्षांची आणि व्याजदर शेवटपर्यंत स्थिर. या हमीसाठी कर्जदाराने सुरुवातीला कर्जाच्या एक टक्का आणि नंतर दरवर्षी शिल्लक रकमेच्या ०.३५ टक्के शुल्क भरायचे. हे दर ऑक्टोबर २०१६ पासूनचे आहेत. त्याआधी ते याहून जड होते.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधले पाहिजे. ‘सरकारी हमीचे गृहकर्ज’ म्हटले की सरकार आपल्या पाठीशी उभे आहे, असा कर्जदाराचा समज होतो. प्रत्यक्षात ही हमी त्याला नाहीच. ती बँकेला आहे. हप्ते थकले, घर जप्त होऊन विकले गेले आणि तरी नुकसान उरले, तर कर्जाच्या पहिल्या ३५ टक्के रकमेपर्यंतचे नुकसान सरकार पूर्ण भरून देते आणि त्यापुढील भागातल्या नुकसानीचे ८५ टक्के. एकूण भरपाई मूळ कर्जाच्या ९० टक्क्यांपर्यंत. घर मात्र गेलेलेच असते. शुल्क कुटुंबाने भरायचे आणि संरक्षण बँकेला मिळायचे, अशी ही व्यवस्था आहे. ती अन्यायाची आहे असे म्हणण्याचे कारण नाही, कारण या संरक्षणाविना ती बँक त्या गावात पाऊलच टाकणार नाही. शिवाय हमी असलेली कर्जे ‘जिनी मे’ या सरकारी संस्थेच्या छत्राखाली एकत्र बांधून त्यांचे रोखे बाजारात विकता येतात. त्यामुळे नेब्रास्कातील एखाद्या दोन हजार वस्तीच्या गावातील घरासाठी थेट जागतिक भांडवल बाजारातून पैसा येतो. गावातल्या बँकेच्या ठेवींवर अवलंबून राहावे लागले असते, तर ३० वर्षांचे स्थिर व्याज तेथे कोणी दिले असते?

अमेरिकेत साधारणत: घराच्या किमतीच्या २० टक्के रक्कम पदरची असली, तरच बँका विनाविम्याचे कर्ज देतात. शहरी मध्यमवर्गासाठी असलेल्या सरकारी विम्याच्या कर्जातही साडेतीन टक्के रक्कम घालावीच लागते. सैन्यातून आलेल्यांना १९४४ पासून शून्य रकमेची सवलत आहे. पण गावातली शिक्षिका, धान्याच्या कोठारावरचा कामगार किंवा वृद्धाश्रमातली परिचारिका यांना ती नाही. भाडे, गाडीचा हप्ता आणि दवाखान्याची बिले भागवून वीस-पंचवीस हजार डॉलर साठवणे अशा कुटुंबांना आयुष्यभर जमत नाही, मात्र दरमहा ठराविक हप्ता भरणे त्यांना जमते. हमी योजनेने नेमका हा अडसर दूर केला. २००८ च्या वित्तीय संकटानंतर खासगी बँकांनी हात आखडता घेतला, तेव्हा या योजनेवर इतकी झुंबड उडाली की २०१० मध्ये मंजूर मर्यादा मुदतीच्या बऱ्याच आधी संपली आणि योजना स्वत:च्या शुल्कावर चालावी यासाठी काँग्रेसला कायदा बदलावा लागला.

परंतु पदरची रक्कम नसणे हा एक अडसर झाला. हप्ता न परवडणे हा दुसरा. दुसऱ्यावर हमीकडे कोणताही इलाज नाही. हे आकड्यांनीच पाहावे. जानेवारी २०२१ मध्ये ३० वर्षांच्या स्थिर गृहकर्जाचा सरासरी दर २.६५ टक्के या नीचांकावर होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच ७.७९ टक्क्यांवर गेला आणि त्यानंतर उतरला तरी २०२५ अखेर तो सहा टक्क्यांच्या वरच होता. दोन लाख डॉलरच्या कर्जाचा मासिक हप्ता पहिल्या दराने सुमारे ८०६ डॉलर होतो, दुसऱ्या दराने सुमारे १,४३८. कर्ज तेच, घर तेच. फरक ६३२ डॉलरचा, तोही दरमहा. कृषिखात्याचा निकष असा की मुद्दल, व्याज, घरपट्टी, विमा आणि हमीशुल्क मिळून घराचा खर्च मासिक उत्पन्नाच्या २९ टक्क्यांच्या आत आणि सर्व कर्जांचे हप्ते मिळून ४१ टक्क्यांच्या आत असावेत. काही सबळ कारणे असतील तरच थोडी सूट. वर्षाला ४८ हजार डॉलर कमावणाऱ्या कुटुंबाची २९ टक्क्यांची मर्यादा १,१६० डॉलर होते. हमीचे वार्षिक शुल्क महिन्याला सुमारे ५८ डॉलर पडते. घरपट्टी आणि विमा मिळून अडीचशे डॉलर धरले, तर २०२१ च्या आरंभी हे कुटुंब १,११४ डॉलरांत बसत होते. २०२३ च्या शरदात त्याच घरासाठी त्याला १,७४६ डॉलर लागले असते. म्हणजे बँकेने दारातूनच परत पाठवले असते, आणि सरकारी हमीचा कागद तेथे निरुपयोगी ठरला असता.

हा हिशेबही उदारच म्हटला पाहिजे, कारण त्यात घराची किंमत स्थिर धरली आहे. महासाथीनंतर घरबसल्या काम करणारा शहरी नोकरदार आयडाहो, माँटाना आणि अ‍ॅपलाचियन डोंगररांगांतील गावांत उतरला. त्याने तेथील घरांचे भाव शहरी पगाराच्या मापाने वाढवले; तेथील पगार मात्र गावातलेच राहिले. परिणाम योजनेच्या आकड्यांत दिसतो. २०२० आणि २०२१ या वर्षांत हमी कर्जांची संख्या वर्षाला एक लाखाच्या वर होती. २०२३ मध्ये ती निम्म्याहूनही खाली आली आणि काँग्रेसने मंजूर केलेल्या मर्यादेचा मोठा भाग वापराविना पडून राहिला. हमीची गंगाजळी भरलेली आणि घर घेणारा रिकाम्या हाताने परतलेला, असे हे दृश्य होते.

त्याच कुटुंबाला थेट कर्ज मिळाले तर? तेथे हप्ता उत्पन्नाकडे पाहून ठरतो आणि अनुदानाने व्याजाचा भार एक टक्क्यापर्यंत खाली येऊ शकतो. मुदत ३३ वर्षांची, अगदी अल्प उत्पन्न असेल तर ३८ वर्षांची. दोन लाख डॉलरला एक टक्क्याने ३३ वर्षांचा हप्ता सुमारे ५९३ डॉलर येतो, ३८ वर्षांचा सुमारे ५२७. नोकरी गेली किंवा आजारपण आले तर दोन वर्षांपर्यंत हप्ते थांबवून मिळण्याची तरतूदही आहे. हे सारे फुकट नव्हे. घर विकताना वाढलेल्या किमतीतून अनुदानाचा काही भाग सरकार परत घेते. मात्र ही दारे उघडतात ती भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्यांसाठीच, आणि निधीपैकी ४० टक्के हिस्सा ५० टक्क्यांखालील कुटुंबांसाठी राखून ठेवावा लागतो. गरज सर्वाधिक असलेल्यांसाठीची ही योजना हमी योजनेच्या आकाराच्या तुलनेत चार टक्केही नाही.

नकाशाची गोष्ट आणखी वेगळी. ‘ग्रामीण’ कशाला म्हणायचे याची व्याख्या १९४९ च्या कायद्यातील ५२० व्या कलमात आहे आणि प्रत्येक दशकात तिला ठिगळे जोडली गेली आहेत. मोकळा मुलूख किंवा २,५०० पर्यंतची वस्ती ग्रामीण. स्वरूप ग्रामीण असेल तर १० हजारांपर्यंतचीही. महानगर क्षेत्राबाहेर असेल आणि गृहकर्जाची वानवा असेल तर २० हजारांपर्यंतची. एकदा ग्रामीण ठरलेले गाव वाढले म्हणून लगेच वगळले जाऊ नये यासाठी २०१४ च्या शेतीकायद्याने अशा जुन्या गावांची मर्यादा ३५ हजारांपर्यंत नेली. या साऱ्याचा परिणाम असा की देशाचा बहुतांश भूभाग पात्र ठरतो. महानगराच्या वेशीबाहेर शेत विकून बिल्डरने पाडलेले भूखंडही त्यात येतात, आणि घरे असतात तीही तेथेच. नवी, एकसारखी, मूल्यांकनाला सोपी. बँकेचा कल साहजिकच तिकडे. खरोखरीच्या दूरच्या काउंटीत घर साठ-सत्तर हजार डॉलरचे, जुने, छप्पर गळणारे. एवढ्या लहान कर्जावर बँकेला मिळणारे उत्पन्न तुटपुंजे आणि कागदपत्रांची मेहनत मात्र मोठ्या कर्जाइतकीच. शेजारी अलीकडे घरे विकलीच गेली नसल्याने मूल्यांकन कशाच्या तुलनेत करायचे हाही प्रश्न. तेव्हा हमी असूनही बँक तेथे जात नाही. कृषिखात्याच्या अर्थसंशोधन विभागाने २०१५ मध्ये पिढ्यान्‌पिढ्या दारिद्र्यात रुतलेल्या ३५३ काउंट्यांची नोंद केली होती. त्यांतील ३०१ महानगरांबाहेरच्या होत्या. मिसिसिपीचा त्रिभुज प्रदेश, पूर्व केंटकीच्या कोळसाखाणींचा पट्टा, टेक्सासची सरहद्द आणि मूळनिवासींची राखीव क्षेत्रे ही त्यांची मुख्य ठाणी.

राखीव क्षेत्रांत अडचण पैशाच्याही आधी जमिनीपाशी सुरू होते. साउथ डाकोटातील पाइन रिज येथे बरीचशी जमीन केंद्र सरकारने जमातीच्या वतीने विश्वस्त म्हणून धारण केलेली आहे. ती विकता येत नाही, म्हणून नेहमीच्या पद्धतीने तारणही ठेवता येत नाही. भाडेपट्टा करायचा, त्यावर घर बांधायचे आणि त्या भाडेपट्ट्यावर कर्ज घ्यायचे, असा वळसा घालावा लागतो. त्यासाठी मूळनिवासी व्यवहार कार्यालयाकडून जमिनीच्या स्थितीचा दाखला लागतो आणि तो हाती पडायला महिनोन्‌महिने जातात. यावर २०१८ मध्ये एक मार्ग काढला गेला. थेट कर्जाचा पैसा सरकारने जमातींच्या स्वत:च्या वित्तसंस्थांना द्यायचा आणि त्यांनी तो आपल्या माणसांना द्यायचा. पाइन रिजची ‘माझास्का’ आणि शायेन रिव्हरची ‘फोर बँड्स’ या दोन संस्थांना प्रत्येकी आठ लाख डॉलर मिळाले. रक्कम क्षुल्लक होती, पण वाटणारी माणसे गावातली होती. अर्जदाराची भाषा, नाती आणि अडचणी त्यांना ठाऊक होत्या. प्रयोग चालला आणि पुढे इतर भागांतही नेण्यात आला.

दक्षिणेत कृष्णवर्णीय कुटुंबांपुढचा पेच निराळा, परंतु मराठी वाचकाला चटकन कळण्यासारखा आहे. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, जमीन सर्व वारसांच्या नावे सामाईक राहिली, वारस शिकागो आणि डेट्रॉइटला पांगले. आता तिथे राहणाऱ्या नातवाला घर बांधायचे तर सर्वांच्या सह्या हव्यात. सातबाऱ्यावर पंधरा नावे असली की काय होते ते येथे वेगळे सांगायला नको. २००५ च्या कतरिना वादळानंतर अशा कित्येक घरांना पुनर्बांधणीची सरकारी मदतही मालकीचा स्पष्ट कागद नाही म्हणून अडली. वारसांच्या वाटण्या मिटवण्यासाठी कृषिखात्याने २०२१ मध्ये स्वतंत्र कर्जयोजना आणली खरी. पण गृहकर्जाच्या खिडकीवर आजही पहिला प्रश्न विचारला जातो तो मालकीचाच.

जाता जाता एक उल्लेख परदेशस्थ मराठी वाचकांसाठी. या योजना अमेरिकी नागरिक आणि कायम वास्तव्याचा परवाना असलेले किंवा तत्सम दर्जाचे रहिवासी यांच्यासाठीच आहेत. एच-१बी व्हिसावर असलेल्यांना त्या खुल्या नाहीत. शहरी बाजूच्या सरकारी विम्याच्या कर्जाची दारेही मे २०२५ पासून अशा तात्पुरत्या रहिवाशांना बंद झाली. डॉक्टरांची टंचाई असलेल्या गावात सेवा देण्याच्या अटीवर राहिलेल्या भारतीय डॉक्टरला त्याच गावात घर घ्यायचे झाले, तर त्याला खासगी बँकेकडेच जावे लागते. त्याची मिळकत पाहता तशीही तो उत्पन्नाच्या मर्यादेत बसला नसता, हे खरे. पण त्याच रुग्णालयातील परदेशी परिचारिकेबाबत तसे म्हणता येणार नाही.

या सर्व चित्रात एक उपक्रम असा आहे की ज्यात कर्जापेक्षा श्रमाला किंमत आहे. कॅलिफोर्नियातील टुलारी काउंटी शेतीमालाच्या उत्पन्नात देशात अग्रभागी. तेथील द्राक्षे, संत्री आणि दूध देशभर जाते, आणि ते पिकवणारे मजूर मात्र पत्र्याच्या खोल्यांत राहत. १९६० च्या दशकाच्या आरंभी क्वेकर पंथीयांच्या एका सेवासंस्थेने गोशेन या गावी शेतमजुरांना एकमेकांची घरे बांधायला शिकवले. त्यातूनच १९६५ मध्ये वायसेलिया येथे ‘सेल्फ-हेल्प एंटरप्रायझेस’ ही संस्था उभी राहिली. पद्धत साधी आहे. साधारण दहा-बारा कुटुंबांचा गट करायचा. कामावरून सुटल्यावर संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी सर्वांनी मिळून सर्वांची घरे बांधायची. बांधकामातील सुमारे ६५ टक्के श्रम कुटुंबांनी स्वत: करायचे. आणि गटातील शेवटचे घर पुरे होईपर्यंत कोणीही आपल्या घरात राहायला जायचे नाही. नळ, वीज अशा कसबाच्या कामांना ठेकेदार. सामान आणि जमिनीसाठी कृषिखात्याचे थेट कर्ज, गटाला शिकवणाऱ्या मुकादमाच्या पगारासाठी त्याच कायद्याच्या ५२३ व्या कलमाखालील अनुदान. श्रमाची किंमत घरात मुरते आणि पहिल्याच दिवशी कुटुंबाकडे कर्जापेक्षा अधिक मोलाचे घर असते. या एका संस्थेने सहा हजारांहून अधिक घरे अशा रीतीने उभी केली आहेत. हमीच्या योजनेत बँक घर शोधणाऱ्याची वाट पाहते. येथे घर नसलेल्या गावात घर निर्माण होते. हा फरक वॉशिंग्टनमधील चर्चेत सहसा येत नाही.

तेथील चर्चा वेगळ्याच दिशेने गेली. मे २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने २०२६ च्या अंदाजपत्रकाचा जो आराखडा काँग्रेसपुढे ठेवला, त्यात थेट गृहकर्जे आणि स्वयंसाहाय्य अनुदान दोन्ही बंद करण्याची शिफारस होती. योजना फार लहान आहेत, राबवायला महाग आहेत, खासगी क्षेत्रातून ही सोय होऊ शकते, अशा कारणांच्या सरसकट यादीत त्यांचा समावेश होता. तीस वर्षे निधी आवळत नेऊन योजना लहान करायची आणि मग ती लहान आहे म्हणून बंद करायची, हा युक्तिवाद अजब म्हटला पाहिजे. खासगी क्षेत्राचे म्हणाल, तर एक टक्का व्याजाचे कर्ज देणारी बँक कोणत्या काउंटीत आहे ते त्या आराखड्यात सांगितलेले नव्हते. हमी योजनेला मात्र त्याने हात लावला नाही. ती फुकट आहे ना!

काँग्रेसने ही शिफारस मानली नाही. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी टाळेबंदी संपवणाऱ्या कायद्यातच कृषिखात्याची २०२६ ची पूर्ण वर्षाची तरतूद होती आणि थेट कर्जांची योजना तीत कायम राहिली. ग्रामीण मतदारसंघातील रिपब्लिकन सदस्यांनाही ती हवी होती. पुढे जानेवारी २०२६ च्या अखेरीस निधीचा पेच पुन्हा उभा राहिला, तेव्हा कृषिखात्याच्या फायली अडण्याचे कारण राहिले नव्हते, ते या पूर्ण वर्षाच्या तरतुदीमुळेच. पण तरतूद आणि अंमलबजावणी यांत अंतर असते. २०२५ मध्ये स्वेच्छेने राजीनामा देण्याच्या सरकारी योजनेखाली कृषिखात्यातील हजारो कर्मचारी बाहेर पडले. बँकेने मंजूर केलेले हमी कर्जही खात्याच्या कार्यालयातून शेवटचा होकार मिळाल्यावरच पुरे होते, आणि त्या होकाराला जितके दिवस अधिक लागतात, तितका विक्रेता रोख पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे झुकतो. थेट कर्जात तर अर्जापासून मूल्यांकनापर्यंत सारी मेहनत त्याच कार्यालयाची. स्वयंसाहाय्य गटांचे अनुदान एका वेळी फार तर दोन वर्षांसाठी मिळते. जमीन मिळवून, तिचे भूखंड पाडून, रस्ता आणि पाण्याची जोडणी आणेपर्यंतच अनेकदा त्याहून अधिक काळ जातो. टुलारीसारख्या काउंटीत आज जागा निवडायची ती तीन-चार वर्षांनंतर बांधणाऱ्या कुटुंबांसाठी, आणि त्या वर्षांची तरतूद अजून कोणत्याही विधेयकात नाही.